शेतकऱ्यांचे प्रश्न : एक पोते, तीन खाचरे

खरिपाच्या तोंडावर भातखतांविषयी आलेल्या पत्रांतील चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात वाचकाने आकडे दिले आहेत. आकडे दिले की उत्तर देणे सोपे जाते; एरवी ‘खत किती टाकू’ या प्रश्नाला ‘जमीन पाहून’ यापलीकडे काही सांगता येत नाही.

प्रश्न : पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आमची भाताची ३० गुंठे जमीन असून ती उतारावर एकाखाली एक अशा तीन खाचरांत आहे. वरचे खाचर १२ गुंठ्यांचे व मुरमाड, मधले १० गुंठ्यांचे, आणि ओढ्यालगतचे ८ गुंठ्यांचे, काळसर व पाणी धरणारे आहे. इंद्रायणी या सुवासिक वाणाची रोपलागण करतो. तरव्याला (रोपवाटिकेला) २५ किलो बी टाकतो. गेल्या खरिपात युरियाची दोन, डीएपीचे एक आणि १०:२६:२६ चे एक पोते घातले. युरिया लागणीनंतर आठ दिवसांनी आणि भांगलणीनंतर (तण काढल्यानंतर) असा दोनदा फेकला. तरीही वरच्या खाचरात भात पिवळे राहिले, आणि ओढ्याकडचे लोळून त्यावर करपा हा रोगही आला. शेणखत सगळे उसाला जाते. खर्च कमी करून पीक सुधारेल का?
— एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : सुधारेल, आणि थोडे पोटॅश सोडले तर त्यासाठी नवीन काही विकत घ्यावे लागणार नाही; उलट दोन पोती कमी घ्यावी लागतील. प्रथम गेल्या वर्षीचा हिशेब मांडून पाहू. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते, म्हणजे ४५ किलोच्या दोन पोत्यांतून ४१ किलो नत्र गेले. डीएपीच्या ५० किलोंतून ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद (फॉस्फरस), आणि १०:२६:२६ (नत्र, स्फुरद व पालाश यांचे टक्के) च्या पोत्यातून ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद व १३ किलो पालाश (पोटॅश) गेले. एकूण नत्र ५५ किलो, स्फुरद ३६ किलो, पालाश १३ किलो.

आता गरज पाहा. रोपलागणीच्या भातासाठी सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी आहे. हेक्टर म्हणजे जवळपास १०० गुंठे, त्यामुळे आपल्याकडच्या लहान क्षेत्राला हा हिशेब बोटांवर करता येतो : गुंठ्याला एक किलो नत्र आणि अर्धा-अर्धा किलो स्फुरद व पालाश. आपल्या ३० गुंठ्यांना ३० किलो नत्र आणि प्रत्येकी १५ किलो स्फुरद व पालाश पुरेसे होते. आपण नत्र पावणेदोनपटीहून अधिक दिले, स्फुरद जवळपास अडीचपट दिले, आणि पालाश मात्र थोडा कमीच पडला. लोळणे आणि करपा यांचे मूळ या आकड्यांतच आहे. नत्र वाढले की पाने लुसलुशीत व ताट (खोड) मऊ होते, दाटी वाढते आणि बुरशीला हवा तसा ओलावा पिकात कोंडून राहतो.

परंतु मग वरचे खाचर पिवळे का राहिले, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते आपल्या पत्रातला खरा मुद्दा तोच आहे. आपण तिन्ही खाचरांना सारखे खत दिले असले तरी ते तिथे सारखे राहिले नाही. उतारावरच्या खाचरांत पाणी वरून खाली उतरते आणि पाण्यात विरघळलेला युरिया त्याच्याबरोबर जातो. ओढ्याकडच्या ८ गुंठ्यांना त्यांचा वाटा मिळाला, शिवाय वरच्यांच्या वाट्यातलाही काही भाग मिळाला. वारणा खोऱ्यातल्या आमच्या स्वतःच्या खाचरात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. जुलैत एका संध्याकाळी उघडीप दिसली म्हणून युरिया फेकला आणि बांधाचे तोंड बुजवायचे राहून गेले. रात्री पावसाने जोर धरला. पंधरा दिवसांनी आमचे भात होते तसेच फिकट होते, आणि खालच्या शेजाऱ्यांच्या खाचरात, आमच्या बांधाच्या तोंडापासून पुढे, जिभेसारखा काळपट हिरवा पट्टा उठला होता. शेजारी भले होते, त्यांनी फक्त ‘पोते कितीला पडले’ एवढेच विचारले.

वाहून जाणे हा नासाडीचा एक भाग झाला. साचलेल्या पाण्यावर फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया वायू होऊन उडतो, काही मुरमातून खाली झिरपतो आणि काही चिखलातल्या जिवाणूंमुळे नायट्रोजन वायूच्या रूपात हवेत जातो. त्यामुळे फेकून दिलेल्या युरियातले निम्म्याहून कमी नत्रच भाताच्या कामी येते. म्हणून पिकाला कमी पडले असे वाटल्यावर आणखी पोते आणण्यापूर्वी, आधीचे पोते कोठे गेले हे पाहणे शहाणपणाचे असते.

यंदासाठी माझी सूचना अशी आहे. डीएपीचे पोते आणि युरियाचे दुसरे पोते घेऊ नका. १०:२६:२६ चे एक पोते आणि युरियाचे एक पोते घ्या. १०:२६:२६ च्या ५० किलोंतून १३ किलो स्फुरद व १३ किलो पालाश मिळतो आणि आपली गरज प्रत्येकी १५ किलोंची आहे. मागच्या वर्षीचे जादा स्फुरद काही अंशी जमिनीत असल्याने स्फुरदाची तूट मनावर घेण्यासारखी नाही. पालाशाची उरलेली दोन किलोंची तूट तीन-साडेतीन किलो म्युरेट ऑफ पोटॅशने भरून निघेल. हे सर्व शेवटच्या चिखलणीला चिखलात मिसळावे. १०:२६:२६ चे वरच्या खाचराला २० किलो, मधल्याला साडेसोळा-सतरा आणि ओढ्याकडच्याला १३ किलोंच्या आसपास बसते.

युरियाचे पोते ४५ किलोंचे आहे आणि ते तीन वेळा विभागले की दर वेळी १५ किलो, म्हणजे गुंठ्याला बरोबर अर्धा किलो येतो. वरच्या खाचराला ६ किलो, मधल्याला ५ आणि खालच्याला ४. घरातला एखादा पत्र्याचा डबा किराणा दुकानात एकदा युरियाने भरून तोलून घ्यावा आणि त्यावर खूण करून ठेवावी, म्हणजे शेतात अंदाजाचे काम राहत नाही. पहिला हप्ता लागणीच्या वेळी चिखलात, दुसरा फुटवे धरत असताना म्हणजे लागणीनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी भांगलण उरकल्यावर, आणि तिसरा लोंबी पोटात धरण्याच्या वेळी. सगळे मिळून नत्र पावणेसव्वीस किलो होईल. हे शिफारशीपेक्षा थोडे कमी आहे, पण वाया जाणारे थांबवले तर गेल्या वर्षीच्या ५५ किलोंपेक्षा ते पिकाला अधिक लागू पडेल.

तिसऱ्या हप्त्याची वेळ बहुतेकांची चुकते, कारण पोटरी (लोंबीने फुगलेले ताट) दिसू लागल्यावर तो दिला जातो आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. इंद्रायणीसारख्या १३५ ते १४० दिवसांच्या वाणात २५ दिवसांचे रोप लावले असेल, तर लागणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवसापासून दर तीन-चार दिवसांनी चार-पाच चुडांतले (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्यांतले) मुख्य ताट उपटून ब्लेडने बुंध्यापासून वर उभे चिरून पाहावे. सर्वांत वरच्या पेऱ्यावर पांढुरके, पिसासारखे टोक एक-दोन मिलिमीटर दिसले की लोंबी धरली असे समजावे आणि हप्ता त्याच आठवड्यात द्यावा. चार ताटे फुकट जातात खरी. पण पंधरा किलो युरिया चुकीच्या वेळी जाण्यापेक्षा ते परवडते.

हा तिसरा हप्ता ओढ्याकडच्या खाचराला सरसकट देऊ नये. तेथे पानरंग तक्ता वापरावा. प्लास्टिकच्या पट्टीवर हिरव्या रंगाच्या चढत्या छटा असलेला हा तक्ता कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घेता येईल. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, पट्टीवर आपली सावली पडेल असे उभे राहून, दहा चुडांचे सर्वांत वरचे पूर्ण उघडलेले पान तिच्याशी ताडून पाहावे. सुवासिक वाणांसाठी तिसरी छटा ही मर्यादा धरतात. दहापैकी सहा किंवा अधिक पाने तिच्यापेक्षा फिकट असतील तरच युरिया द्यावा. खालच्या खाचराचे ४ किलो वाचले, तर ते वरच्या मुरमाड खाचराला आठ-दहा दिवसांच्या अंतराने द्यावेत. मुरमाड जमिनीत एकदम दिलेले नत्र टिकत नाही, थोडे थोडे दिलेले टिकते.

युरिया देताना आदल्या दिवशी पाणी कमी करून चिखलावर जेमतेम ओल ठेवावी, बांधाची तोंडे आणि खेकड्यांची बिळे बुजवावीत, पाने कोरडी असताना खत द्यावे आणि दोन दिवसांनंतरच पाणी पुन्हा चढू द्यावे. कोयनेच्या खोऱ्यात जुलैत सलग दोन दिवसांची उघडीप मिळणे कठीण असते हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तारीख धरून न बसता आठवडा धरावा आणि त्यातला बरा दिवस गाठावा.

बियाणे २५ किलो हे दुप्पट आहे. गुंठ्याला ४०० ग्रॅम या हिशेबाने १२ किलो पुरते आणि त्यासाठी तीन गुंठ्यांचा तरवा लागतो. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे, तरंगणारे पळंज (पोचट दाणे) काढून टाकावे, बुडालेले दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. दाट तरव्यातले रोप बारीक व पिवळट निघते आणि मग एका जागी पाच-सहा रोपे लावण्याचा मोह होतो; तेथूनच बियाण्याचा खर्च दुप्पट होतो.

शेणखत उसाला जाते हे समजण्यासारखे आहे, पैसा उसातून येतो. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी की भाताने उचललेल्या पालाशाचा बहुतांश पेंढ्यात असतो, पेंढा गोठ्यात जातो आणि गोठ्यातले शेण उसाच्या रानात. भाताच्या खाचरातून पालाश दर वर्षी असा उसाकडे चालला आहे. निदान एक गाडी शेणखत वरच्या खाचराला परत द्यावे. बांधावर गिरिपुष्पाचे झाड असेल तर लागणीच्या आठ-दहा दिवस आधी त्याचा कोवळा पाला चिखलात गाडावा. गुंठ्याला ३० किलो ही शिफारस आहे, म्हणजे १२ गुंठ्यांना साडेतीन क्विंटलांच्या वर पाला लागेल. एवढा एकदम मिळणार नाही. जेवढा मिळेल तेवढा वरच्या खाचरालाच द्यावा.

माती परीक्षण झाले नसेल तर तिन्ही खाचरांचे नमुने वेगवेगळे द्यावेत. एकत्र केलेला नमुना तिन्हींपैकी एकाचेही खरे सांगत नाही.

प्रश्न : शिराळा तालुक्यात आम्ही मे अखेरीस धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या जमिनीत पेरणी) करतो. पेरतानाच युरिया व डीएपी एकत्र देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. पाऊस लागल्यावर भात चांगले उगवते, पण महिन्याभरात पिवळे पडते. तणही भाताबरोबर वाढते. काय करावे?
— एक वाचक, ता. शिराळा, जि. सांगली

उत्तर : धूळवाफेत स्फुरद व पालाश पेरणीबरोबर बियाण्याच्या बाजूला, थोडे खाली द्यावेत, हे योग्यच आहे. युरिया मात्र त्या वेळी देऊ नये. कोरड्या, हवेशीर जमिनीत पहिल्या पावसाने युरियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये होते. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, त्यामुळे पुढच्या मोठ्या पावसात ते खाली झिरपते, आणि खाचर पाण्याने भरले की उरलेले वायू होऊन जाते. रोप दोन-तीन पानांचे असताना त्याला फार नत्र लागतही नाही, म्हणजे आपण दिलेले पहिले खत मुख्यत्वे तणाने खाल्ले. नत्राचा पहिला हप्ता उगवणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास, आधी भांगलण आणि मग खत, या क्रमाने द्यावा. क्रम उलटा झाला तर भांगलणीची मजुरी वाढते. उरलेले नत्र फुटव्यांच्या वेळी आणि लोंबी धरताना द्यावे.

पिवळेपणाचा प्रकार मात्र आधी ओळखावा. खालची जुनी पाने टोकापासून पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव आहे. वरची नवी पाने फिकट पिवळी, जवळजवळ पांढरट निघत असतील आणि खाचरात अद्याप पाणी साचलेले नसेल, तर लोहाची उणीव असण्याचा संभव अधिक. तेथे कितीही युरिया दिला तरी फरक पडत नाही. अशा वेळी दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून आठवड्याच्या अंतराने दोन फवारण्या कराव्यात. खाचर पाण्याने भरून राहू लागले की ही उणीव बहुधा आपोआप कमी होते, कारण पाण्याखाली लोह पिकाला घेता येईल अशा रूपात येते.

तणाविषयी एक सूचना : कुरीने (पेरणीच्या अवजाराने) ओळीत पेरलेले असेल तरच तण काढायचे कोळपे चालते, म्हणून फेकून पेरू नये. ओळीत पेरताना गुंठ्याला पाऊण किलो बी पुरते.

प्रश्न : आमच्या जावळी तालुक्यात काही जण चारसूत्री पद्धतीने युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचतात. ती पद्धत आम्हाला पैऱ्याच्या (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणाऱ्या) माणसांकडून जमेल का? आमचे १५ गुंठे भात आहे.
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : चारसूत्री पद्धत डॉ. एन. के. सावंत यांनी मांडली. भाताच्या अवशेषांचा म्हणजे तुसाची राख व पेंढा यांचा वापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि गोळी खत ही तिची चार सूत्रे आहेत. बहुतेक जण चौथे सूत्र तेवढे उचलतात आणि तिसऱ्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु तिसऱ्याशिवाय चौथे चालत नाही. दोरीवर आळीपाळीने १५ व २५ सेंटीमीटरवर खुणा करून लावणी केली की चार-चार चुडांचे १५ सेंटीमीटरचे चौकोन तयार होतात. अशा प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक गोळी, लावणीच्या दिवशीच, सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचायची असते. हेक्टरी ६२,५०० गोळ्या म्हणजे सुमारे १७० किलो होतात. आपल्या १५ गुंठ्यांना साडेनऊ हजारांच्या आसपास गोळ्या, वजनाने साधारण २५-२६ किलो लागतील.

साडेनऊ हजार वेळा वाकायचे आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पैऱ्यातल्या माणसांना दोरीची सवय नसेल तर पहिल्या वर्षी त्यांच्याकडून सगळे क्षेत्र करून घेऊ नये; तीन-चार गुंठ्यांचे एक खाचर घ्यावे. ते पाणी धरणारे, चिकण मातीचे निवडावे. मुरमाड, पाझरणाऱ्या खाचरात गोळीतले नत्रही खाली उतरते आणि मेहनत पाण्यात जाते. गोळी खोल चिखलात राहिल्याने नत्र वाहून जात नाही व उडत नाही, म्हणून कमी नत्रात काम भागते. त्यामुळे सवयीने वरून पुन्हा युरिया फेकू नये. या गोळीत पालाश नसतो, तो चिखलणीच्या वेळी वेगळा द्यावा. आणि गोळी खोचलेल्या खाचरात काही दिवस कोणाला फिरू देऊ नये.

प्रश्न : डीएपी मागितले असता दुकानदाराने त्यासोबत नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली व एक सूक्ष्म अन्नद्रव्याचे पाकीट घ्यायला लावले. बाटली एका पोत्याच्या बरोबरीची आहे असे सांगितले. ती वापरून युरिया बंद करावा का?
— एक वाचक, ता. कराड, जि. सातारा

उत्तर : बंद करू नये. बाटलीवरील नत्राची टक्केवारी वाचावी. ती ४ टक्के असेल तर ५०० मिलिलिटरमध्ये २० ग्रॅम नत्र आहे. २० टक्के असेल तर ते १०० ग्रॅमच्या आसपास भरते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. पानांवरची फवारणी पिकाला लवकर लागू पडते हे खरे आहे, म्हणून हाती आलेली बाटली फुटव्यांनंतर पीक फिकट दिसल्यास पूरक म्हणून वापरावी. पण चिखलातून द्यायच्या हप्त्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

खताबरोबर दुसरी वस्तू घेण्याची सक्ती करण्याला आपण लिंकिंग म्हणतो, आणि तशी सक्ती दुकानदाराला करता येत नाही. खतविक्रीची नोंद करणाऱ्या पॉस मशीनवर अंगठा दिल्यानंतर निघालेली पावती आणि दुकानाचे बिल दोन्ही घ्यावीत, बिलात प्रत्येक वस्तू व तिची किंमत वेगळी लिहून मागावी आणि पंचायत समितीतील कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. बिलाशिवाय केलेल्या तक्रारीत पुढे काही होत नाही. पाकिटात झिंक सल्फेट असेल आणि माती परीक्षणात जस्ताची कमतरता दिसली असेल, तर ते फुकट जाणार नाही. फक्त स्फुरदयुक्त खतात मिसळून देऊ नये, शेणखतात मिसळून वेगळ्या दिवशी द्यावे. कमतरता नसेल तर पाकीट न फोडता तक्रारीसोबत दाखवण्यासाठी ठेवावे.